प्रभुभोजनाच्या प्याल्यात काय होते?

१८६९ सालची गोष्ट. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातले व्हाइनलँड हे गाव तेव्हा जेमतेम आठ वर्षांचे होते. चार्ल्स लँडिस नावाच्या माणसाने ते वसवले, तेव्हा गावात दारू विकायची नाही हा दंडक त्याने सुरुवातीलाच घालून दिला. याच गावात टॉमस ब्रॅमवेल वेल्च हे दातांचे डॉक्टर राहत. जन्म इंग्लंडमधला, लहानपणीच अमेरिकेत आलेले. तरुणपणी ते वेस्लियन मेथडिस्ट पंथाचे पाळक होते. पुढे घसा बसला, प्रवचन जमेना, म्हणून ते आधी वैद्यकीकडे आणि मग दंतवैद्यकाकडे वळले. गावातल्या मेथडिस्ट मंडळीत प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला तयार ठेवण्याचे काम त्यांच्याकडे होते.

वेल्च दारूचे कट्टर विरोधक होते, आणि दर प्रभुभोजनाला त्यांच्याच हाताने वाइन प्याल्यात ओतली जात होती. त्या वर्षी त्यांनी कॉंकर्ड जातीची द्राक्षे आणली. ही द्राक्षे काळसर निळी, जाड सालीची आणि उग्र वासाची असतात. वेल्च यांनी ती घरच्या चुलीवर काही मिनिटे शिजवली आणि कापडी पिशव्यांतून पिळून रस काढला. तो बाटल्यांत भरला, बुचे मारून वरून मेण लावले आणि त्या बंद बाटल्या उकळत्या पाण्यात बसवल्या. काही आठवडे गेले तरी एकही बाटली फुटली नाही की फसफसली नाही. उष्णतेने रसातले यीस्ट मेले होते. शास्त्रज्ञ पास्चरने फ्रान्समध्ये १८६० च्या दशकात हेच तंत्र वाइन टिकवण्यासाठी सिद्ध केले होते. वेल्च यांनी त्याचा उपयोग रसाची वाइन होऊ नये म्हणून केला. बाटल्यांवर नाव घातले, ‘डॉ. वेल्च यांची न आंबवलेली वाइन’.

चर्चनी ती फारशी घेतली नाही. चारेक वर्षांत वेल्च यांनी हा उद्योग गुंडाळला. पण त्या बाटल्यांमागे एक प्रश्न होता आणि तो आजवर पुरता सुटलेला नाही. येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांपुढे जो प्याला धरला, त्यात काय होते? मुरलेली वाइन, की द्राक्षांचा गोड रस?

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या आधी फारसा कुणाला पडला नव्हता. तो का पडला, हे पाहण्याआधी त्या रात्रीच्या यरुशलेमात जायला हवे.

पहिल्या तीन शुभवर्तमानांनुसार ते भोजन ज्यूंच्या वल्हांडण सणाचे होते. वल्हांडण येतो वसंतात, मार्च-एप्रिलच्या सुमारास. पॅलेस्टाइनमधली द्राक्षे उतरतात उन्हाळ्याच्या अखेरीस, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे सणाच्या दिवशी घरात असलेला द्राक्षांचा रस निदान सहा महिन्यांपूर्वी पिळलेला असणार. द्राक्षाच्या सालीवर यीस्ट असतेच. दगडात कोरलेल्या कुंडात द्राक्षे तुडवली आणि त्या देशातल्या उन्हाळ्यात रस तसाच ठेवला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला फेस येऊ लागतो. मडक्यात किंवा कातडी बुधल्यात भरलेला तो रस हिवाळा ओलांडून गोडच राहणे जवळजवळ अशक्य. रस आंबवावा लागत नव्हता, तो आपोआप आंबत होता. कष्ट पडले असते ते त्याला थांबवायला.

तो थांबवता येत होता का? येत होता, आणि याचे पुरावे रोमन लेखकांनी ठेवले आहेत. येशूच्या आधी दीडशेहून अधिक वर्षे कॅटो याने शेतीवरच्या पुस्तकात कृती दिली आहे. ताजा रस घड्यात भरावा, बूच डांबराने पक्के करावे, घडा तळ्यात बुडवून ठेवावा आणि तीस दिवसांनी काढावा, रस वर्षभर गोड राहतो. पहिल्या शतकातल्या कोलुमेलानेही अशीच रीत सांगितली आहे, फक्त त्याचे दिवस चाळीस आहेत. थंड पाण्यात रस आंबत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. पण ही कृती मोठ्या जमीनदारांच्या मळ्यांवरची होती. यरुशलेमातल्या एका घराच्या माडीवर सणाला जमलेल्या येशू आणि त्याच्या शिष्यांसारख्या गालीलकरांपुढे असा खास जपलेला रस आला, असे म्हणायला एकही जुना पुरावा नाही.

उलट बाजूचे पुरावे मात्र जागोजाग सापडतात. मिश्ना या ज्यू धर्मग्रंथात वल्हांडणाच्या रात्री गरिबातल्या गरिबालाही वाइनचे चार प्याले मिळावेत असा नियम आहे. ही वाइन पाणी घालून पीत. सणात खमिराला बंदी असे, म्हणून आंबलेली वाइनही चालत नसेल, असा युक्तिवाद पुढे अनेकांनी केला. पण ज्यू धर्मशास्त्रात ही बंदी गहू, जव अशा ठरावीक धान्यांपुरती आहे. द्राक्षांच्या वाइनला ती कधी लागू झाली नाही.

सर्वांत बोलका पुरावा प्रेषित पौलाच्या पत्रात आहे. इसवी सन ५४-५५ च्या सुमारास, म्हणजे त्या रात्रीनंतर पुरी तीस वर्षेही झालेली नसताना, पौलाने करिंथच्या मंडळीला खडसावले. प्रभूच्या भोजनाला तुम्ही जमता तेव्हा कुणी उपाशी राहतो आणि कुणी मस्त होतो, म्हणजे झिंगतो, अशी त्याची तक्रार होती. रसाने कुणी मस्त होत नाही. आणि पौलाने उपाय काय सांगितला? प्याल्यातले पेय बदला, असे तो म्हणाला नाही. एकमेकांसाठी थांबा, असे म्हणाला. त्याला दिसलेला दोष वागण्यातला होता.

पुढच्या दोन शतकांत चित्र आणखी स्पष्ट होते. रोममध्ये इसवी सन १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टर याने ख्रिस्ती उपासनेचे वर्णन बादशहाला उद्देशून लिहिले. त्यात भाकर आहे, आणि पाणी घातलेल्या वाइनचा प्याला आहे. मात्र सगळेच वाइन घेत नव्हते. मांस आणि मद्य पूर्ण वर्ज्य करणारे काही विरक्त गट प्याल्यात नुसते पाणी वापरत. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने २५३ च्या सुमारास अशा लोकांविरुद्ध एक लांब पत्र लिहिले. त्यातला एक तपशील मन हलवतो. काही ख्रिस्ती लोक सकाळच्या उपासनेत वाइन टाळत, कारण छळाच्या त्या काळात पहाटेच तोंडाला वाइनचा वास आला तर आपण कोण हे उघड होईल, अशी त्यांना भीती वाटे. सिप्रियनने ही सबब मानली नाही. वाइन म्हणजे ख्रिस्त आणि पाणी म्हणजे त्याची माणसे, दोन्ही मिसळल्याशिवाय प्याला पुरा होत नाही, असे त्याने बजावले. ३८२ मध्ये सम्राट थिओडोसियसच्या फर्मानाने पाणी वापरणारे हे पंथ शिक्षेस पात्र ठरले.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. पहिल्या काही शतकांतला वाद वाइन की पाणी असा होता. वाइन की रस, असा वाद त्या काळात दिसत नाही. रस वापरण्याची रूढ परंपरा असती तर मद्य टाळणाऱ्यांनी पाण्याकडे धाव का घेतली असती?

मध्ययुगात ताज्या रसाचा विचार झाला, तो अडचणीच्या वेळेपुरता. तेराव्या शतकात धर्मपंडित टॉमस अक्वायनस याने प्रश्न उभा केला की वाइन मिळालीच नाही तर काय करावे. पिकलेल्या द्राक्षांच्या रसात वाइनचे स्वरूप आलेले असते, त्यामुळे गरजेच्या वेळी तो चालेल, कच्च्या द्राक्षांचा नाही, असा त्याचा निर्वाळा होता. नियम वाइनचाच, सवलत रसाची.

अशी सवलत सर्वांत मनापासून जगली ती भारतात. केरळातले संत थोमाचे ख्रिस्ती ज्या भागात राहत, तिथे वाइनची द्राक्षे पिकत नव्हती. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला कन्नूरच्या पोर्तुगीज वखारीत काम केलेला दुआर्त बार्बोझा लिहितो की हे लोक मक्का आणि होर्मुझहून येणाऱ्या मनुका रात्रभर पाण्यात भिजवतात, सकाळी पिळतात आणि त्याच रसावर मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, करतात. एका रात्रीत मनुकांचे पाणी फारसे आंबत नाही. म्हणजे वेल्च यांच्या साडेतीनशे वर्षे आधी मलबारच्या किनाऱ्यावर वेदीवर जवळजवळ रसच ठेवला जात होता. त्यामागे मद्यबंदीचा विचार नव्हता. वाइन मिळत नव्हती, एवढेच कारण होते. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिश यांनी उदयंपेरूरची धर्मसभा भरवली आणि तिथल्या रिवाजांना रोमन वळण लावले. मिस्सेची वाइनही त्यातून सुटली नाही. पोर्तुगालहून येणाऱ्या द्राक्षांच्या वाइनचा आग्रह तिथे धरला गेला.

याच सोयीचे दुसरे उदाहरण आपल्या कोकणात आहे, तेही ज्यांच्या सणातून प्रभुभोजन निघाले त्या ज्यूंच्या घरात. रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएल, ज्यांना गावोगाव शनवार तेली म्हणत, शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या आशीर्वादासाठी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करतात. मराठी बोलणाऱ्या या समाजाने वाइनची आठवण मनुकांच्या सरबतात सांभाळली. ज्यू धर्मशास्त्रात मनुकांच्या पेयाला जागा आहे. पण ‘आमच्या पूर्वजांनी कधी वाइन घेतलीच नाही’ असा दावा करायची गरज या समाजाला कधी पडली नाही.

तशी गरज पडली ती एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत आणि इंग्लंडात. ती का पडली, हे समजून घेतले नाही तर या वादातल्या माणसांवर अन्याय होईल. १८३० च्या सुमारास अमेरिकेत पंधरा वर्षांवरील माणशी वर्षाला सुमारे ७ गॅलन शुद्ध अल्कोहोल रिचवले जात होते, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मक्याची व्हिस्की स्वस्त आणि मुबलक होती. पगार झाला की दारूच्या गुत्त्यात, आणि गुत्त्यातून घरी मारहाणीला, हे चित्र घराघरांत होते. १८२६ मध्ये बोस्टनमध्ये अमेरिकन टेंपरन्स सोसायटी स्थापन झाली आणि दहा वर्षांच्या आत तिचे सदस्य दहा लाखांवर गेले. सुरुवातीला विरोध फक्त व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला होता. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांचेही तेवढेच म्हणणे होते. ते स्वतः प्रभुभोजनात वाइनच देत. पण १८३० च्या दशकात चळवळ संपूर्ण व्यसनमुक्तीकडे सरकली. बीअर नको, वाइन नको, एक थेंबही नको.

मग रविवारी चर्चमध्ये काय करायचे? दारू सोडलेला माणूस देवापुढे गुडघे टेकतो, आणि त्याच्या ओठांना पहिली जी चव लागते ती वाइनची. शपथ मोडायची ती चर्चमध्येच का, हा प्रश्न खरा होता. तो विचारणाऱ्या पाळकांच्या डोळ्यांसमोर आपल्याच मंडळीतली उद्ध्वस्त घरे होती.

उत्तर म्हणून जो सिद्धांत पुढे आला, त्याला दोन वाइनचा सिद्धांत म्हणतात. बायबलमध्ये वाइनची जिथे स्तुती आहे तिथे ती न आंबलेली, आणि जिथे निंदा आहे तिथे आंबलेली, असा त्याचा गाभा. अँडोव्हर येथील धर्मविद्यालयातले हिब्रूचे नामांकित प्राध्यापक मोझेस स्टुअर्ट यांनी १८४८ मध्ये याचे समर्थन केले. युनियन कॉलेजचे अध्यक्ष एलिफलेट नॉट यांची व्याख्याने याच बाजूची. इंग्लंडात फ्रेडरिक लीस आणि डॉसन बर्न्स यांनी १८६८ मध्ये अख्ख्या बायबलवर मद्यबंदीच्या दृष्टीने भाष्य छापले. कॅटो आणि कोलुमेला यांच्या त्या तळ्यात बुडवलेल्या घड्यांचा दाखला या मंडळींनीच शोधून पुढे आणला, आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानायला हवे.

पण हा सिद्धांत त्याच काळात टीकेच्या तडाख्यात सापडला, आणि टीकाकार दारूचे व्यापारी नव्हते. प्रिन्स्टनचे प्राध्यापक जॉन मॅक्लीन यांनी १८४१ मध्येच या पक्षाच्या दोन गाजलेल्या पुस्तकांची सविस्तर झडती घेतली. बैरुतला राहून अरबीत बायबलचे भाषांतर करणारे मिशनरी इलाय स्मिथ यांनी लेबनॉनच्या डोंगरातल्या द्राक्षबागांची माहिती काढून १८४६ मध्ये प्रसिद्ध केली. तिथे द्राक्षांचा रस आटवून काकवीसारखा गोड पाक करतात, वाइन करतात, मनुका वाळवतात. न आंबवलेला रस पेय म्हणून साठवल्याचे त्यांना आढळले नाही. स्मिथ ज्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे होते, त्याच बोर्डाने मुंबई आणि अहमदनगरला मराठी मिशन चालवले. या मंडळींना व्यसनांचे सोयरसुतक नव्हते असे कुणी म्हणू शकणार नाही. त्यांनी फक्त दिसले ते लिहिले.

विद्वानांच्या वादात सिद्धांत हरत होता, तरी चर्चमध्ये तो जिंकत गेला. मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या १८६४ च्या परिषदेने प्रभुभोजनासाठी द्राक्षांचा शुद्ध रस वापरण्याची शिफारस केली. १८८० पर्यंत न आंबवलेला रस वापरण्याची सूचना त्यांच्या नियमांत आली. मात्र रस टिकवायचा कसा ही अडचण होती, आणि तिथे वेल्च यांच्या बाटल्या कामी आल्या. वडिलांनी सोडून दिलेला उद्योग मुलगा चार्ल्स याने १८७५ मध्ये पुन्हा हाती घेतला. तोही पेशाने दंतवैद्यच. १८९० मध्ये त्याने नावातला ‘वाइन’ हा शब्द काढून टाकला. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हजारो लोकांनी हा रस चाखला. १८९७ मध्ये कारखाना न्यू यॉर्क राज्यातल्या वेस्टफील्ड या द्राक्षांच्या गावी गेला.

सगळ्या चर्चनी हा बदल स्वीकारला नाही. १८८८ च्या लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी ठराव केला की न आंबलेला रस वापरण्याला प्रभूच्या उदाहरणाचा आधार नाही. ऑर्थोडॉक्स चर्च वाइनवरच राहिले, आणि कॅथलिक चर्चही.

मग आली अमेरिकेची दारूबंदी. १७ जानेवारी १९२० पासून देशभर मद्याला बंदी झाली, पण धर्मविधीची वाइन कायद्याने वगळली होती. तिथे फट पडली. १९२२ मध्ये धर्मविधीच्या नावाखाली सुमारे २१ लाख गॅलन वाइन उचलली गेली, १९२४ मध्ये तो आकडा २९ लाखांवर गेला. भक्ती एवढ्या वेगाने वाढत नसते, हे प्रोटेस्टंट चर्चच्या संघटनेनेच अहवालात नोंदवले. ज्यू समाजातही रब्बींच्या परवान्यांचा गैरवापर झाला. तेव्हा ज्यू विद्वान लुई गिन्झबर्ग यांनी १९२२ मध्ये सविस्तर निर्णय लिहिला की आशीर्वादासाठी द्राक्षांचा रसही चालतो. गिन्झबर्ग यांनी जुन्या काळी रसच होता असे सिद्ध करायचा खटाटोप केला नाही. धर्मशास्त्राच्या चौकटीत रस ग्राह्य आहे आणि आजच्या परिस्थितीत तो वापरणे योग्य आहे, एवढेच त्यांनी दाखवले. या सगळ्या वादात मला हा निर्णय सर्वांत प्रामाणिक वाटतो.

कॅथलिक चर्चनेही पुढे जवळपास हीच वाट धरली. १९८३ च्या त्यांच्या धर्मसंहितेत मिस्सेची वाइन द्राक्षांची, नैसर्गिक आणि न बिघडलेली असावी असा नियम आहे. पण २००३ मध्ये रोमने स्पष्ट केले की व्यसनामुळे वा आजारामुळे ज्या धर्मगुरूला अल्कोहोल चालत नाही, त्याला बिशपच्या परवानगीने आंबणे सुरुवातीलाच थांबवलेला रस वापरता येईल. अक्वायनसची सातशे वर्षांपूर्वीची सवलत आता दारू सोडलेल्या धर्मगुरूच्या उपयोगी पडते आहे.

आपल्याकडे दोन्ही रिवाज शेजारी शेजारी नांदतात. वसईच्या आणि गोव्याच्या कॅथलिक चर्चमध्ये वेदीवर वाइन असते. महाराष्ट्रातल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या प्याल्यात न आंबलेला रस असतो. त्यामागे अमेरिकन मिशनऱ्यांची शिकवण आहे आणि इथल्या व्यसनमुक्तीच्या आग्रहाचेही बळ आहे.

तर, त्या रात्रीच्या प्याल्यात काय होते? द्राक्षांचा हंगाम, ज्यूंचा नियम, पौलाची तक्रार, जस्टिनचे वर्णन आणि सिप्रियनचे पत्र, सगळे एकाच दिशेला बोट दाखवतात. तिथे आंबलेली वाइन होती, बहुधा पाणी घातलेली. हे मान्य केल्याने रस वापरणाऱ्या मंडळीचे प्रभुभोजन कमअस्सल ठरत नाही. दारूने होरपळलेल्या भावाला प्याल्याजवळ निर्धास्तपणे येता यावे म्हणून मंडळी रस वापरत असेल, तर तेवढे कारण पुरेसे आहे. ते कारण पौलाच्या ‘एकमेकांसाठी थांबा’ या सांगण्याच्या अगदी जवळचे आहे. त्याला आधार म्हणून पहिल्या शतकातली वाइन पुसून टाकायची गरज नाही. आजचा निर्णय आजच्या माणसांच्या भल्यासाठी घ्यावा आणि कालचा इतिहास जसा होता तसा मुलांना शिकवावा, एवढीच विनंती दोन्ही बाजूंच्या वाचकांना.